सूचना म्हणजे लाईन क्लिअर नव्हे

आषाढातली संध्याकाळ. गणपतीची मूर्ती ठरवायला पेणला गेलो होतो. कारखान्यांतून ओल्या मातीचा आणि रंगाचा वास, बाहेर पावसाची झड. काम उरकून एका जुन्या स्नेह्यांकडे टेकलो. हे गृहस्थ निवृत्त स्टेशन मास्तर. त्यांनी नोकरी कुठे केली ते इथे लिहीत नाही आणि पुढे ज्या गाडीची हकिगत येते ती कुठली, कुठे अडकली, तेही मुद्दाम गाळलं आहे. भांडण एका स्टेशनाशी नाही.

चहा येतो न येतो तोच त्यांची भाची ओलीचिंब होऊन दारात उभी. ती राहते रोह्याला, पनवेलला एका कचेरीत हिशेब लिहिते, रोजची पासवाली. पनवेल ते रोहा ७५ किलोमीटर. पेण लागतं ३५ वर, पुढचे ४० घरापर्यंतचे. ती पेणला उतरायला नको होती. टॉवेलने केस पुसतच तिने सुरुवात केली. पुढचं बोलणं आठवतं तसं देतो.

भाची : मामा, आज मी माझीच गाडी फाटकात उभी राहून जाताना बघितली.

मामा : म्हणजे काय?

भाची : गाडी मधल्या एका स्टेशनात थांबली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पाऊण तास झाला. भोंग्यावर एकच पालुपद. ‘तांत्रिक कारणास्तव गाडी विलंबाने धावत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ धावत कुठे होती? समोर उभीच होती की! सव्वा तासाने धीर सुटला. चौघींनी मिळून मिनिडोर केली, म्हटलं पेणच्या स्टँडवर जाऊ, एसटी पकडू. वाटेत फाटक बंद. आणि फाटकातून गेली कोण? आमचीच गाडी. खिडकीतून ओळखीच्या बायका हात करत होत्या. स्टँडवर आले तर रोह्याची एसटीही गेलेली.

मामा : अगं, आणखी पाच मिनिटं थांबली असतीस तर!

भाची : ‘आणखी पाच मिनिटं’ असं कुणी सांगितलं असतं तर थांबलेच असते ना! मी खिडकीपाशी जाऊन विचारलं. आतून उत्तर आलं, ‘माहीत नाही, वरून कळलं की सांगू.’ गाडी बंद पडते, पाऊस पडतो, दरड येते, हे आम्हाला समजतं. कोकणात राहतो आम्ही. पण आम्हाला गुरांसारखं उभं करून ठेवायचं आणि बोलायचं नाही, हे समजत नाही.

मामा : त्या आतल्या माणसाला खरंच माहीत नसतं, यावर तुझा विश्वास बसत नाही. बाहेरच्याला वाटतं, मास्तर आत पंख्याखाली बसलाय आणि गुपित दडवतोय. लहान स्टेशनात असतात किती माणसं? एक मास्तर, एक पॉइंट्समन. गाडी अडकली की एका कानाला कंट्रोलचा फोन, दुसऱ्या कानाला पुढच्या स्टेशनचा मास्तर. ड्रायव्हरला मेमो द्यायचा, रजिस्टर भरायचं, सिग्नल बिघडला असेल तर गाडी त्याच्यापुढे काढायला लेखी परवाना द्यायचा. आणि खिडकीत पन्नास डोकी : ‘ओ साहेब, कधी सुटणार?’ कंट्रोल मला सांगतो ते एवढंच, ‘गाडी धरून ठेवा.’ का धरायची ते सांगायला त्याला वेळ नसतो, कारण त्याच्यापुढे एक नव्हे, वीस गाड्या उभ्या असतात.

भाची : पण आता तर दुहेरी मार्ग झालाय. पूर्वी क्रॉसिंगला लावायचे तेव्हा एक ठीक होतं.

मामा : दुहेरी कुठपर्यंत? पनवेल ते रोहा झाला, रोह्यापुढे वीरपर्यंतचा २०२१ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याच्या खाली अजून मुख्यतः एकेरीच. खेडजवळ एक गाडी अडली की समोरून येणाऱ्या गाड्या स्टेशनास्टेशनांत उभ्या राहतात आणि ती गुंतागुंत वर सरकत येते. शिवाय मालगाड्या आहेत. पेणहून थळच्या खत कारखान्याकडे फाटा जातो, नागोठण्याला कारखाने, रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी. लांब पल्ल्याची गाडी आधीच उशिरात असेल तर तिला पुढे काढायची म्हणून तुझी मेमू लूपला. आणि रोह्याला तर मालकच बदलतो. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे. रोह्यापासून पार मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर कोकण रेल्वे, तिचं मुख्यालय बेलापूरला. दोन घरं, दोन कंट्रोल. निरोप एका घरातून दुसऱ्या घरात जाईपर्यंत शिळा होतो.

भाची : विलीनीकरण होणार म्हणतात ना? महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये संमती दिली.

मामा : झालं तर बरंच होईल.

भाची : पाटी बदलेल हो. भोंगा बदलेल का?

*(मामा हसले. कपातला चहा बशीत ओतला आणि मग गंभीर झाले.)*

मामा : हे बघ, भोंग्यावर काहीही बोलणं सोपं नाही. दिल्लीचं आठव. १५ फेब्रुवारी २०२५ ची रात्र, कुंभमेळ्याची गर्दी, नवी दिल्ली स्टेशनात चेंगराचेंगरी होऊन १८ माणसं गेली. प्रयागराजच्या दोन गाड्यांच्या सारख्या नावांमुळे घोषणेने गोंधळ उडाला, असं पोलिसांनी सुरुवातीला सांगितलं. पुढे रेल्वेने कारण वेगळं दिलं, तो वाद बाजूला ठेव. पण जिन्यावर माणसं खच्चून भरलेली असताना भोंग्यातून बाहेर पडलेला एक शब्द काय करू शकतो, याचा विचार कर. न बोललेल्या शब्दाने तुझी एसटी चुकते. चुकीच्या शब्दाने माणूस मरतो.

भाची : मला मान्य आहे. पण न बोलण्यानेही माणसं रुळांवर येतातच ना! ३० सप्टेंबर २०२३. अनंत चतुर्दशी होऊन दोनच दिवस झालेले, कोकणातून परतणाऱ्यांच्या गाड्या भरून येत होत्या. पनवेल–कळंबोलीपाशी मालगाडीचे डबे घसरले, सगळी वाट बंद झाली. त्यात पनवेल यार्डाच्या कामाचा मोठा ब्लॉकही त्याच रात्रीपासून ठरलेला. दिवा स्टेशनात कोकणात जाणारी माणसं ताटकळली आणि शेवटी रुळांवर उतरून त्यांनी लोकल अडवल्या. डबे घसरले म्हणून कुणी रुळांवर उतरत नाही, मामा. आपल्याला कुणी विचारत नाही, असं वाटलं की उतरतात.

मामा : आणि लोकलमधल्यांनी काय पाप केलं होतं? त्यांचाही खोळंबा झालाच. रागाला डोळे नसतात म्हणून मी सांगतो, गर्दीपुढे तोलून मापूनच बोलावं. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. चहूकडे पाणी. रेल्वेने एकच गोष्ट परत परत सांगितली, खाली उतरू नका, गाडीतच थांबा. २७ तारखेला दुपारपर्यंत हजाराच्या वर माणसं सुखरूप बाहेर काढली. एनडीआरएफ आली, नौदल आलं, गावकरी आले. सूचना कशी हवी? अशी. एक वाक्य, एक अर्थ.

भाची : हेच मी म्हणते आहे! ती सूचना चांगली का होती? त्यात पाणी कधी ओसरेल ते नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ती बोलली गेली, कारण प्रवाशाने आत्ता काय करायचं ते तिच्यात होतं. मला कारण नको, मामा, मला ठरवता यायला हवं. घरी बाळ असलेली बाई, रात्रपाळीला धाटावला जाणारा कामगार, औषध घेऊन चाललेला म्हातारा, प्रत्येकाला एकच हिशेब सोडवायचा असतो : थांबायचं की निघायचं? शेवटची एसटी किती वाजता हे आम्हाला माहीत असतं. मिनिडोरवाला किती घेईल तेही. वडखळला वाहनांची किती रांग असेल याचाही अंदाज असतो. पनवेल ते इंदापूर रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चाललेलं बघतोय आम्ही. या हिशेबात फक्त तुमचा आकडा येत नाही.

मामा : आकडा द्यायचा आणि तो चुकला तर? मी म्हटलं, चाळीस मिनिटं लागतील. तू निघून गेलीस. गाडी सुटली विसाव्या मिनिटाला. मग ‘मास्तरने फसवलं’ म्हणून तक्रार. तक्रारीवर खुलासा मागतात तो माझ्याकडे, कंट्रोलकडे नाही. आम्ही शिकलो तेच मुळी असं. मागच्या स्टेशनला लाईन क्लिअर देताना नंबराची देवाणघेवाण होते, प्रायव्हेट नंबर म्हणतात त्याला. मार्ग मोकळा आहे याची पुरती खात्री झाल्याशिवाय तो नंबर तोंडातून बाहेर काढायचा नाही. ‘बहुधा मोकळा असेल’ असं म्हणणाऱ्या मास्तरला आमच्यात जागा नाही. चाळीस वर्षं ज्या तोंडाला हे वळण लावलं, त्याने भोंग्यावर येऊन ‘बहुधा’ कसं म्हणावं?

*(थोडा वेळ कुणी बोललं नाही. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता.)*

भाची : मामा, हे मला आज पहिल्यांदा कळलं. मी समजत होते, तुम्हा लोकांना पर्वा नसते. इथे तर उलटंच आहे. ज्या शिस्तीमुळे गाडी सुखरूप जाते, तीच शिस्त तुमचं तोंड बांधते. पण सूचना म्हणजे लाईन क्लिअर नव्हे ना! लाईन क्लिअर चुकली तर गाड्या आदळतात. सूचना अर्धी असली तर अर्धी म्हणून सांगता येते.

मामा : अर्धी सूचना आमच्या पुस्तकात बसत नाही.

भाची : बसते. कॉशन ऑर्डर काय असते?

मामा : ती ड्रायव्हरला देतात.

भाची : पण तिच्यात लिहिलेलं काय असतं? ‘अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत जपून जा, वेग इतकाच ठेव.’ म्हणजे पुढे सगळं ठीक आहे, असं तुम्ही ड्रायव्हरला म्हणत नाही. ठीक नाही, पण जाता येईल, कसं जायचं ते हे बघ, असं सांगता. अर्धवट माहिती नीट कशी सांगावी याचा कागद तुमच्याकडे छापील तयार आहे. फक्त तो इंजिनात जातो, डब्यात येत नाही.

*(मामांनी बशी खाली ठेवली. हा मुद्दा त्यांना लागला असावा, कारण लगेच उत्तर आलं नाही.)*

भाची : आणि पावसाळी वेळापत्रक घ्या. दरवर्षी जूनपासून कोकण रेल्वे गाड्यांचे वेग कमी करते, वेळा बदलते, मार्गावर गस्त वाढवते. गाडीला जास्त वेळ लागतो, पण त्यावरून कुणी रुळांवर उतरल्याचं ऐकलंय? कारण आधी सांगितलेलं असतं. कोकणी माणूस उशीर सोसतो हो, अंधार सोसत नाही.

मामा : आता रेल्वे पूर्वीसारखी मुकी राहिलेली नाही, हेही धर ना. मोबाईलवर गाडी कुठे आहे दिसतं, १३९ आहे, रेलमदद आहे. २०२४ च्या जुलैत खेडच्या अलीकडे दिवाणखवटीला बोगद्यापाशी दरड आली, जवळपास एक दिवस मार्ग बंद होता. रद्द झालेल्या गाड्या, वळवलेल्या गाड्या, सगळ्यांच्या याद्या निघत होत्या. अडकलेल्यांसाठी एसटी बसगाड्या लावल्या.

भाची : याद्या निघाल्या, खरं आहे. त्या कशा होत्या? इंग्रजीत, पाच आकडी नंबरांच्या. १०१०५ अमुक ठिकाणी खंडित. १०१०५ कोण म्हणतं? आम्ही दिवा–सावंतवाडी म्हणतो. गावी निघालेल्या आजीला तो नंबर कोण वाचून दाखवणार? दुसरं असं, ज्याने आरक्षण केलंय त्याला मेसेज येतो. आमचं तिकीट बिनआरक्षणाचं. ज्या गाडीला सगळ्यांत आधी बाजूला काढतात, त्याच गाडीतल्या माणसाला सगळ्यांत शेवटी कळतं. आणि नंबर नाही म्हणायची सोय नाही, कारण मी पास मोबाईलवर काढते. माझा नंबर रेल्वेकडे आहेच की!

मामा : हं. पैसे घ्यायला नंबर, सांगायला नाही.

भाची : तुम्हीच म्हणालात, मी नाही! मग आम्ही काय करतो? पासवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. पुढच्या गाडीतला कुणीतरी लिहितो, ‘नागोठण्याला उभी आहे.’ दुसरा लिहितो, ‘ओव्हरहेड वायर तुटली म्हणे.’ तिसरा, ‘दरड आली.’ आज तिन्ही मेसेज होते. तिन्ही खोटे निघाले बहुतेक. पण त्यातलाच एक वाचून आम्ही मिनिडोर केली.

मामा : बघ! मास्तरच्या गप्प बसण्याला नावं ठेवतेस आणि म्हणेवाल्यांच्या भरवशावर मिनिडोर करतेस.

भाची : तुम्ही गप्प बसलात की म्हणेवाल्यांचंच ऐकावं लागतं. कुणी तरी बोलणारच. तुम्ही, नाही तर ते.

मामा : कोर्टात जा मग.

भाची : एक जण गेला होता. २०१६ मध्ये अजमेर–जम्मू एक्स्प्रेस चार तास उशिरा पोचली, त्याचं श्रीनगरचं विमान चुकलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये निकाल दिला. उशीर का झाला याचा खुलासा आणि पुरावा रेल्वेने दिला पाहिजे, तो दिला नाही तर भरपाई द्यावी लागेल. त्याला तीस हजार मिळाले. उशीर झाला एवढ्यावर रेल्वे हरली नाही, मामा. उशिराचं कारण सांगता आलं नाही म्हणून हरली. मी काही तीस हजार मागत नाही. जपानात गाडी उशिरा आली तर रेल्वे तसा दाखला देते, तो साहेबापुढे ठेवता येतो. माझ्या साहेबाला मी काय दाखवू? भिजलेली छत्री?

मामा : जपान राहू दे. मी इथलं सांगतो. ४ मे २०१४, रविवारची सकाळ. नागोठणे आणि रोह्याच्या मध्ये, निडीजवळ, तुमची हीच दिवा–सावंतवाडी घसरली. विसाच्या आसपास माणसं गेली, शेकड्याहून जास्त जखमी. आसपासचे गावकरी धावले. अशा घडीला मास्तरने आधी काय करायचं? दोन्ही बाजूंच्या गाड्या रोखायच्या. ते काम चाललेलं असताना भोंगा गप्प असला तर तो दगडी काळजाचा म्हणून गप्प नसतो, एवढंच लक्षात ठेव.

भाची : *(हळू आवाजात)* ते आम्ही कुणी विसरलेलो नाही. निडीवरून जाताना अजून डब्यातल्या बायका हात जोडतात. त्या मास्तरने बोलायलाच नको, हे मी लिहून देते. पण मग बोलण्याचं काम त्याच्यावर टाकलंच कुणी? कंट्रोलमध्ये एक माणूस फक्त एवढ्यासाठी का नको, की जो गाड्या हलवणार नाही, नुसतं सांगेल? एका जागेवरून दहा स्टेशनांच्या भोंग्यावर.

मामा : हे बोललीस ते बरोबर. आजवर लोक खिडकीतल्या माणसाशी भांडत आलेत आणि वरच्याला ते बरंच पडलंय.

*(त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. अक्षर रजिस्टरातलं, सुटं आणि सरळ. दोघांत खाडाखोड होत होत मजकूर असा झाला :)*

‘रोह्याकडे जाणारी गाडी या स्टेशनात थांबवली आहे. पुढचा मार्ग अजून मोकळा झालेला नाही. किती वेळ लागेल हे आत्ता माहीत नाही. अर्ध्या तासाच्या आत गाडी सुटणार नाही. पुढची सूचना सात वाजून दहा मिनिटांनी देऊ. तेव्हा नवीन काही नसलं तरी तसं सांगू.’

भाची : आणि शेवटी : ‘ज्यांना एसटीने जायचं असेल त्यांनी जावं.’

मामा : ते नाही. रेल्वेने प्रवाशाला स्टेशनाबाहेर काढायचं नसतं. बाहेर पावसात तुझं काही झालं तर जबाबदार कोण?

भाची : बरं, राहू दे. ‘अर्ध्या तासाच्या आत नाही’ एवढं कळलं की पुढचं आमचं आम्ही बघतो.

मामा : मला तरी ‘माहीत नाही’ हे शब्द खुपतातच. भोंग्यावरून रेल्वेने ‘माहीत नाही’ म्हणायचं?

भाची : खिडकीतून म्हणता ते चालतं?

यावर मामा काही बोलले नाहीत. ‘माहीत नाही’खाली एक रेघ मारली, खोडण्यासाठी की ठळक करण्यासाठी ते मला कळलं नाही. तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. रोह्याहून आई. मामांचा मुलगा चारचाकी घेऊन पनवेलहून यायचा होता, तोच तिला पुढे रोह्याला सोडणार होता. पण तो अजून निघालाच नव्हता.

“मामांकडे आहे,” ती म्हणाली. “कधी पोचेन माहीत नाही. नऊच्या आधी तरी इथून निघत नाही, तू जेवून घे. साडेनऊला फोन करते, निघाले असेन किंवा नसेन.”

मामींनी पानं घेतली. गरम आमटीभात, पेणचे पापड. बोलणं मूर्तींच्या भावावर गेलं, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर गेलं, रेल्वेचा विषय मागे पडला. मुलाचा पत्ता नव्हता. घड्याळाकडे कुणाचं लक्ष नाही असं मला वाटत होतं.

साडेनऊला एक मिनिट कमी असताना मामांनी हात पुसले आणि भाचीला म्हणाले, “आईला फोन कर. वेळ दिली आहेस.”

“अजून काहीच कळलं नाही, मामा. काय सांगू?”

“तेच सांग.”